जावयाची पावडर

दगडाबाईला तिच्या नावाचा कधी राग आला नाही. राग यायचा तो नावाचं श्रेय घेणाऱ्यांचा.

तिच्या आईची आधीची लेकरं जगत नव्हती. म्हणून ही झाली तेव्हा जाणत्या बायांनी सांगितलं, हिला उकिरड्यावर ठेवा, परत उचला, आणि नाव ठेवा दगडा. मरणालाही वाटलं पाहिजे, हा दगड नेऊन काय करायचं! तसं केलं. पोरगी जगली. मग जन्मभर जो भेटेल तो तिला ऐकवायचा, "नावानं जगलीस गं बाई तू."

पण तिच्या पाठीवर आणखी एक बहीण झाली होती. तिचं नाव धोंडी. धोंडा म्हणजे तोही दगडच की! तिलाही उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, सगळं रीतसर. धोंडी चालायला लागली, दगडाबाईच्या मागं मागं शेळ्यांत यायला लागली, आणि एका तापात गेली. दगडाबाईनं आईला विचारलं, "माय, तिचं बी नाव दगडच होतं, मग ती कावून गेली?"

आई म्हणाली, "तिचं नशीब."

झालं! जगली तर नावानं आणि मेली तर नशिबानं. लहानग्या दगडाबाईला हे काही पटलं नाही. पण तेव्हा मोठ्यांपुढं तोंड उघडायची सोय नव्हती, आणि पुढं लग्न, शेळ्या, दोन लेकरं, नवऱ्याचं आजारपण यात विचारायचं राहूनच गेलं. धोंडीचं नाव घेणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलंही नव्हतं.

वडवणीच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्यांचं घर. समोर शेळ्यांचा वाडा, मागं थोडी कोरडवाहू जमीन. नवरा मुंजाजी गेला त्याला बरीच वर्षं झाली. पोरगा जीवन छोटा टेम्पो चालवायचा, सून संगीता घर आणि रान दोन्ही बघायची. लेक वनमाला माजलगावला दिलेली. आणि या सगळ्यांच्या मधोमध, उंबऱ्यावर चिंचोक्यांची रांग लावत बसलेली जीवनची पोरगी, मोहिनी.

मोहिनी सहा वर्षांची. बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघायची नाही, पण शेजारच्या घरात मिक्सर लागला की कानावर हात ठेवून कोपऱ्यात शिरायची. चिंचोक्यांची रांग कुणी मोडली की घर डोक्यावर घ्यायची. एरवी शांत. चांदी नावाची शेळी होती, तिच्या पोटाला कान लावून ही पोरगी अर्धी सकाळ उभी राहायची आणि चांदीही हलायची नाही. खायची ती एकच गोष्ट: ज्वारीची भाकर शेळीच्या दुधात कुस्करून. तीही तिच्या त्या पोचे पडलेल्या वाटीतच. वाटी बदलली की जेवण बंद. संगीतानं एकदा नवी वाटी आणली होती, ती अजून कोरीच्या कोरी पडून आहे.

बीडला सरकारी दवाखान्यात अशा लेकरांचं एक केंद्र होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मोहिनीला पुन्हा पुन्हा बोलावून, खेळवून, बघून सांगितलं होतं, ही स्वमग्नता आहे. औषध देऊन काढून टाकायचा हा आजार नव्हे. हिचं डोकंच वेगळ्या रीतीनं चालतं.

"बोलंल का?" जीवननं विचारलं होतं.

"बोलेलही. उशिरा बोलेल, थोडं बोलेल. नक्की सांगता येत नाही, आणि मी खोटं सांगणार नाही."

मग त्यांनी संगीताला शिकवलं. दोन वस्तू समोर धरायच्या आणि थांबायचं. हिनं जिच्याकडं हात केला ती द्यायची. नको असेल तर तळहात पुढं ढकलून कसं दाखवायचं ते शिकवायचं, आणि आपण तोंडानं 'नको' म्हणायचं. "आणि हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "तिनं नको दाखवलं की तुम्ही थांबायचं. तेव्हाच तिला कळेल की सांगून काही उपयोग होतो."

संगीता ते इमानेइतबारे करत होती. चुलीपुढं, रानात, एसटीत, जिथं असेल तिथं. एका हातात गाजर, एका हातात वाटी. आणि थांबायची. दगडाबाईला आधी हा पोरखेळ वाटला. पण काही महिन्यांनी मोहिनी तळहात ढकलायला लागली, आणि दगडाबाई गप झाली.

जीवनचं मात्र समाधान होत नव्हतं. त्याचंही काय चुकलं म्हणा! अडत बाजारात माल भरेपर्यंत टेम्पोत बसून तो मोबाईलवर दुसऱ्यांची लेकरं बघायचा. त्याला फक्त एकदा 'पप्पा' ऐकायचं होतं. एकदा.

आणि गाव काय गप बसतंय होय? शेजारची साखराबाई राघूनं उष्टावलेला पेरू घेऊन आली. राघूचं उष्टं खाल्लं की लेकरू राघूवानी बोलतं म्हणे. मोहिनीनं तो पेरू हुंगून शेळीला दिला. चांदी काही बोलली नाही. कुणी ताईत आणला, कुणी पुष्य नक्षत्रावर पाजायचे सोन्याचे थेंब सांगितले. जो येईल तो उंबऱ्यावर बसून चहा पिणार, पोरीकडं बघून च्यक् च्यक् करणार आणि जाताना एक उपाय ठेवून जाणार. नाही म्हणावं तर, "आमी काय वाईट चिंतायलोत का?" आणि आठवड्यानं परत हजर, "काय गं, आला का गुण?" दगडाबाईला वाटायचं, दाराला पाटीच लावावी: उपाय नकोत, चहा मिळेल.

आता खरं सांगायचं तर दगडाबाईही धुतल्या तांदळाची नव्हती. संगीता पाण्याला गेली की ती मधात वेखंड उगाळून पोरीच्या जिभेला लावायची. तिच्या सासूनं जीवनला लावलं होतं, जीवन बोलला होता. पण हे गुपचूप. आपला उपाय तो उपाय, बाकीच्यांचा तो ताप, असंच असतं माणसाचं.

मग आला जावई.

बंकटराव. वनमालाचा नवरा. आधी खताच्या दुकानात होता, आता 'आरोग्य सल्लागार' असं कार्ड छापून मोटारसायकलवर फिरत होता. मोठं खोकं घेऊन आला. त्यात आंब्याच्या वासाची पावडर, माशाच्या तेलाच्या गोळ्या आणि कसलेसे थेंब. बाजेवर ऐसपैस बसला, मोबाईल उघडला आणि जीवनला म्हणाला, "हे पोरगं बघ. न्हाई बोलायचं. पावडर चालू केली आन आता कविता म्हणतंय. बघ बे, बघ!"

मोबाईलमधलं पोरगं खरंच कविता म्हणत होतं. जीवनचे डोळे भरून आले.

"पर पथ्य कडक हाय," बंकट म्हणाला. "दूध बंद. गहू बंद. दूध आन गहू पोटात गेलं की त्याची अफू बनती आन ती डोक्यात चढती. त्या गुंगीतच हाय पोरगी. शास्त्र हाय हे."

दाराआड, डोक्यावरचा पदर सावरत उभ्या असलेल्या दगडाबाईनं कान टवकारले. गव्हाचं काय, तो घरात सणालाच यायचा. पण दूध? पोरगी दुसरं काही खातच नाही! आणि म्हणे अफू. मग हे सगळं गाव जन्मभर अफू पिऊन पडलंय होय?

हे सगळं तिच्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. कारण समोर जावई होता. जावयापुढं बाजेवर बसायचं नाही, जावयाच्या तोंडावर बोलायचं नाही, जावयाला नाही म्हणायचं नाही. आपण इथं जावयाला दुखवलं तर तिकडं लेकीला ऐकून घ्यावं लागतं. ही रीत तिनं केली नव्हती, पण पाळत आली होती. ती एवढंच म्हणाली, "जावईबापू, पोरगी दुधावरच हाय वो."

"म्हणूनच बोलंना गेली, मामी," बंकट म्हणाला.

घ्या! दगडाबाई वाड्यात गेली आणि चांदीला म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा, शास्त्र सांगायलास मला!" चांदी रवंथ करत तिच्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून जावयाच्या वाट्याच्या सगळ्या शिव्या चांदीला मिळायला लागल्या.

दूध बंद झालं. संगीतानं आधी भाकर पाण्यात कुस्करून दिली. मोहिनीनं वाटीत बघितलं, बोट बुडवलं आणि वाटी पालथी केली. मग वरणात दिली, ताक तर चालणारच नव्हतं, मग गुळाच्या पाण्यात दिली. पालथी. पावडर पाण्यात कालवून पेल्यात दिली तर पोरीनं तोंड असं घट्ट मिटलं की जीवननं गाल दाबूनही उघडेना. थोडी पोटात जायची, बरीचशी अंगावर. घरभर आंब्याचा खोटा वास. बाहेर शेळ्यांचे सड दुधानं भरलेले आणि आत पोरगी रिकामी वाटी घेऊन आजीपुढं उभी. तोंडानं काही नाही. नुसती वाटी पुढं धरायची आणि आजीच्या पदराला ओढायची. संगीता उठून मागच्या दारी जाऊन रडायची.

एकदा दगडाबाईनं न राहवून वाटीत दूध ओतलं. जीवननं बघितलं आणि वाटी तिच्या हातातून काढून घेतली. "माय, पथ्य मोडलं तर समदं वाया जातंय. दाजींनी सांगितलंय. तुला तिनं बोलावं असं वाटत न्हाई का?"

हे तिच्या पोटच्या पोरानं तिला विचारावं!

पोरगी दिवसभर किरकिर करायला लागली, भिंतीवर डोकं आपटायला लागली. जीवननं दाजींना फोन लावला. फोनच्या भोंग्यातून आवाज आला, "लई चांगलं लक्षण हाय! आतलं विष बाहेर निघायलंय." पुढच्या आठवड्यात पोरगी निपचित पडून राहायला लागली, चिंचोक्यांनाही हात लावीना. परत फोन. "वा! शांत झाली म्हणजे लागू पडायलीय. डोस वाढव."

दगडाबाई भांडी घासत होती. हातातली कढई तिनं दाणकन खाली टाकली. "आरं देवा! रडली तरी लागू, गप बसली तरी लागू. मग लागू न पडायची वाटच ठिवली न्हाई की मुडद्यानं!"

"माय!" जीवन ओरडला. "फोन चालूय!"

"चांदीला म्हणलं मी," दगडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जीवन टेम्पो घेऊन गेल्यावर तिनं संगीताला सांगितलं, "ऊठ. पोरीला घे. बीडला जायचंय." संगीता म्हणाली, "आत्या, यांना कळलं तर?" दगडाबाई म्हणाली, "कळू दे."

मोहिनीला वजनकाट्यावर उभं करून डॉक्टरबाईंनी आकडा दोनदा बघितला. मग त्यांनी मागचे कागद काढले. "ही वाढायच्या वयातली मुलगी आहे आणि हिचं वजन उतरलंय. काय खाते ही सध्या?"

संगीतानं सगळं सांगितलं. डॉक्टरबाई कपाळावर हात मारून घ्यायच्याच राहिल्या. "ज्या लेकराला दुधाची खरोखर बाधा होते, त्याचं दूध बंद करतात. हिला कधी त्रास झालाय? नाही ना? मग? दूध, गहू बंद केल्यानं लेकरं बोलायला लागतात का हे पुष्कळ ठिकाणी तपासून बघितलंय. काही लेकरांचं बंद केलं, काहींचं चालू ठेवलं आणि शेजारी शेजारी ठेवून बघितलं. भरवसा ठेवावा असा फरक दिसला नाही. माशाच्या तेलाचं तेच, जीवनसत्त्वांचंही तेच. आणि हिची तर एकच गोष्ट खाण्यातली, तीच काढून घेतलीत!"

"पर म्याडम," दगडाबाई म्हणाली, "पावडर खाऊन बोलाया लागलेलं पोरगं जावयानं मोबाईलवर दावलं. म्या डोळ्यानं बघितलं. कविता म्हणत हुतं."

"म्हणत असेल. काही लेकरं त्या वयात बोलायला लागतातच, पावडर घेवोत की न घेवोत. आजी, पावडर खाऊन न बोललेली पोरं दाखवली का त्यांनी? त्यांचा व्हिडिओ कुणी काढतं का?"

धोंडी! एवढ्या वर्षांनी ती एकदम दगडाबाईसमोर येऊन उभी राहिली, शेंबडं नाक, हातात शेळीचा कान. दगड नाव ठेवून जगलेली गावाला दिसत होती, दगड नाव ठेवून गेलेली कुणी मोजलीच नव्हती. लहानपणी जे तिला नीट विचारता आलं नव्हतं ते ही बाई टेबलामागं बसून सहज बोलून गेली. दगडाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"आणखी काही देताय का हिला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

संगीता नाही म्हणणार तोच दगडाबाई पुटपुटली, "वेखंड."

"आत्या!" संगीता म्हणाली.

"किती?"

"थोडंच. मधात. जिभेला."

"तेही बंद करा आजी. नुकसान होऊ शकतं. जावयाला नावं ठेवताय आणि तुम्ही स्वतः?" डॉक्टरबाईंनी तिला अशी झाडली की दगडाबाई खुर्चीच्या कडेला सरकून बसली. तिला गेल्या कितीतरी वर्षांत कुणी असं झाडलं नव्हतं. पण तिला ते आवडलंही, कारण या बाईनं दोघांना एकाच मापानं मोजलं होतं.

डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं, आजपासून दूध चालू करा. वजन आणखी उतरलं तर मुलीला दवाखान्यात भरती करावं लागेल.

घरी येऊन संगीतानं जीवनला सांगितलं. आधी तो चिडला, मग म्हणाला, "उद्या सकाळी दाजी यायलेत. त्यांच्या कानावर घालू, मग ठरवू. एवढे दिवस केलं, आन आता गुण यायच्या टायमाला सोडायचं का?"

सकाळी बंकट आला तो मोबाईल लावायची तिकाटी घेऊनच. मोहिनीचा व्हिडिओ काढायचा होता. पावडर घेताना, हसताना. "बीडच्या डाक्टरनीला काय कळतंय," तो जीवनला म्हणाला. "तिच्या पुस्तकात जे न्हाई ते तिला दिसतच न्हाई. तू पोरीला धर." आणि त्यानं स्वतःच्या हातानं चमचा भरला.

अंगणात उन्हं आली होती. जीवन बाजेवर बसून मोहिनीला मांडीत धरून होता. तिचे हात काटक्यांसारखे झाले होते. संगीता भिंतीला टेकून उभी. कुंपणावरून साखराबाई डोकावत होती. दगडाबाई रीतीप्रमाणं दाराआड, डोक्यावर पदर.

बंकटनं चमचा पुढं केला. मोहिनीनं मान फिरवली. त्यानं चमचा फिरवला. मोहिनीनं बापाच्या हातातून एक हात सोडवला, तळहात पुढं ढकलला, आणि म्हणाली,

"नको."

स्वच्छ. गावातल्या कुठल्याही पोरीनं म्हणावं तसं.

मग एकदम गलका. संगीतानं तोंडावर हात दाबला. जीवन पोरीला छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागला. बंकट उडालाच, "बोलली! बोलली! मामी, ऐकलं का? म्हणलं नव्हतं का मी? पावडरनं बोलली!" कुंपणावरून साखराबाई किंचाळली, "माझ्या राघूचा पेरू लागला गं बाई!" आणि दाराआड दगडाबाईच्या मनात, आता खोटं कशाला बोला, पहिल्यांदा काय आलं असेल तर वेखंड. माझं वेखंड!

मग तिची तिलाच लाज वाटली.

"मोबाईल बंद हुता ना बे!" बंकट म्हणाला. "थांब, चालू करतो. जीवन, धर तिला. परत बोलू दे." त्यानं चमचा गच्च भरला. "बोल बाळा, बोल."

"बोल मोहिनी, अजून एकदा बोल," जीवन रडत रडत, हसत हसत म्हणाला, आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

चमचा पुढं आला. "नको," मोहिनी म्हणाली. बंकटनं आनंदानं टाळी वाजवली आणि चमचा तिच्या ओठांत घातला. पावडर तिच्या हनुवटीवरून ओघळली. "नको," ती म्हणाली. सगळे हसले. पुन्हा चमचा. "नको. नको." आवाज बारीक होत चालला होता.

दगडाबाई दाराबाहेर आली. पदर डोक्यावरून खाली पडला, तो तिनं घेतला नाही. सगळ्यांच्या देखत तिनं जावयाचं मनगट धरलं.

"जावईबापू. ती नको म्हणायलीय."

"तेच तर मामी! बोलायलीय की!"

"बोलली ते समद्यांनी ऐकलं. काय बोलली ते एकानं बी ऐकलं न्हाई!" दगडाबाईचा आवाज असा चढला की वाड्यातल्या शेळ्यांनी माना वर केल्या. "सहा वरसं वाट बघितली लेकराच्या बोलायची. लेकरू बोललं, आन पहिल्या शब्दालाच तुमी त्याचं तोंड चमच्यानं बुजवायलात? कावून बोलावं तिनं उद्या? काय मिळालं तिला बोलून? ठिवा तो चमचा खाली."

बंकटचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मामी, तुमी मला हाताला धरून..."

"हो, धरलं. आन त्या पावडरचं खोकं बी घेऊन जावा. तुमच्या शिव्या खाऊन खाऊन माझी शेळी आटायची वेळ आली."

बंकटला यातलं निम्मं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढं पुरलं. त्यानं तिकाटी दुमडून पिशवीत कोंबली, पाण्याचा तांब्याही न शिवता मोटारसायकलला किक मारली. जावई दारातून उपाशी गेला. थोड्या वेळानं वनमालाचा फोन आला, आणि ती मायवर ओरडली, रडली, तिनं फोन आपटला. दगडाबाईनं ते निमूट ऐकून घेतलं. ते तिला कळत होतं, आणि त्याला तिच्याकडं कुठलाच उपाय नव्हता.

पण ते नंतर. आधी तिनं चांदीला धरलं, एक शिवी न देता तिची धार काढली. संगीतानं भाकर कुस्करली. ती पोचे पडलेली वाटी भरली आणि दगडाबाईनं ती मोहिनीपुढं नाही, जीवनच्या हातात दिली.

"दे," ती म्हणाली.

जीवन पोरीपुढं खाली, जमिनीवर बसला आणि वाटी तिच्यासमोर धरली. धरली आणि थांबला. मोहिनीनं वाटीत बोट बुडवलं. चाटलं. मग दोन्ही हातांनी वाटी ओढून घेतली आणि इतकी घाईनं खायला लागली की संगीताला बघवेना. दूध कोपरापर्यंत ओघळलं. कुणी पुसायला गेलं नाही.

कुंपणावर साखराबाई अजून होतीच. "पर दगडाबाई, खरं सांग, कशानं बोलली गं? पेरूनं का पावडरनं?"

"मला काय माहीत!" दगडाबाई खेकसली. "संगीतानं एवढे महिने शिकवलं म्हणून बोलली असंल. न्हाईतर तिची तीच बोलली असंल. तिला इचार की, ती बोलती आता."

वाटी रिकामी झाली. जीवननं तळाशी राहिलेला घास बोटांनी गोळा केला आणि पोरीच्या तोंडाजवळ नेला. एवढे दिवस उपाशी होती, एक घास अजून जाईल, म्हणून.

मोहिनीनं तळहात पुढं केला. "नको."

जीवनचा हात तिथंच थांबला. त्यानं घास वाटीत परत ठेवला, वाटी खाली ठेवली, बाहीनं डोळे पुसले.

"बरं," तो म्हणाला. "नको तर नको."

मोहिनीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. नीट, डोळ्यांत. मग उठली आणि आपल्या चिंचोक्यांकडं गेली.